ईम : डर्बीशरमधील एका डोंगरगावाचा स्वभाव आणि त्याचे सामुदायिक जीवन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशर परगण्यातील डोंगराळ भागात ईम नावाचे गाव आहे. त्याची लोकसंख्या हजाराच्या आसपास आहे. १६६५–६६ च्या प्लेगमुळे हे नाव जगभर पोहोचले आणि तेव्हापासून बहुतेक लोक त्याला ‘प्लेगचे गाव’ म्हणूनच ओळखतात. ती ओळख खरी असली तरी अपुरी आहे. त्या चौदा महिन्यांच्या आधी आणि नंतरही हे गाव शिसे खणत होते, रेशीम विणत होते, बूट शिवत होते, झरे सजवत होते आणि आपला कारभार स्वतः पाहत होते. प्लेगची आठवण आजपर्यंत टिकून राहिली, तीही या रोजच्या, निमूटपणे चाललेल्या गावकीमुळेच. म्हणून पुढील प्रश्नोत्तरांत प्लेगला त्याचे स्थान दिले आहे, पण संपूर्ण गाव त्याच्या हवाली केलेले नाही.

ईम नेमके कोठे आहे? त्याला डोंगरगाव का म्हणायचे?

ईम हे पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात, बेकवेल या बाजारगावाच्या उत्तरेस वसलेले आहे. पूर्वेला शेफील्ड हे पोलादाचे शहर आहे, तर पश्चिमेला बक्स्टन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. गावाच्या उत्तरेला ‘ईम एज’ नावाची उंच कड उभी आहे आणि तिच्या माथ्यावरून पुढे हेदर या जांभळ्या फुलांच्या झुडपांचे माळरान पसरत जाते. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही उंची फारशी वाटणार नाही. तरीही वारा, धुके, हिवाळ्यात रस्त्यांवर साचणारे बर्फ आणि शेतीला न मानवणारी जमीन यांमुळे इथले जीवन सपाट प्रदेशातील इंग्रजी खेड्यांहून पुष्कळ वेगळे घडले आहे. इथे गव्हाची शेते दिसत नाहीत. मेंढ्या, गुरे, कुरणे आणि ती कुरणे विभागणारे दगडी गडगे दिसतात.

गावाची रचना अशी लांबट का आहे?

याचे उत्तर जमिनीखाली आहे. ईमच्या दक्षिणेला चुनखडीचा खडक आहे, तर उत्तरेला शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाचे थर आणि त्यांवर भरड वालुकाश्म आहे. कडेवरून मुरत आलेले पाणी शेलमधून खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन खडकांच्या सांध्याजवळ ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जिथे पाणी तिथे घर या न्यायाने वस्ती त्या सांध्याच्या रेषेवर पूर्व-पश्चिम पसरत गेली. म्हणूनच गावात एक लांब मुख्य रस्ता आहे, आणि चर्च, जुनी घरे, मोठा वाडा, शाळा हे सारे त्याच्या आसपास आहे.

रस्त्याच्या कडेला अजूनही दगडी द्रोण्या दिसतात. झऱ्यांचे पाणी नळांतून आणून त्यांत सोडण्याची व्यवस्था १५८८ साली झाल्याचे सांगितले जाते, आणि सार्वजनिक पाणीपुरवठा असलेल्या इंग्लंडमधील अगदी सुरुवातीच्या गावांत ईमची गणना होते. घरातल्या नळाला पाणी येण्यापूर्वी माणसे आणि जनावरे दोघांचीही तहान याच द्रोण्यांवर भागत असे. साहजिकच गावातल्या बातम्यांची देवाणघेवाणही तिथेच होई.

घरांच्या भिंती स्थानिक दगडाच्या आहेत आणि छपरांवर पुष्कळ ठिकाणी दगडाच्याच जाड फरश्या बसवलेल्या आहेत. ‘ईम हॉल’ हा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाडा राइट घराण्याने बांधला. प्लेग संपल्यानंतर काही वर्षांतच तो उभा राहिला, यावरून गाव किती लवकर पुन्हा उभे राहू लागले याची कल्पना येते.

हे गाव किती जुने आहे?

१०८६ च्या ‘डूम्सडे’ या राजाज्ञेने केलेल्या नोंदवहीत ईमचा उल्लेख आहे. चर्चच्या आवारात आठव्या शतकाच्या सुमाराचा, कोरीव नक्षीचा दगडी क्रूस उभा आहे. त्याच्या खांबाचा एक भाग हरवलेला आहे. ईमच्या माळावर ‘वेट विदन्स’ नावाचे कांस्ययुगातील शिलावर्तुळ आहे. म्हणजे चर्च येण्यापूर्वीही ही उंची माणसाला परिचित होती.

गावाचा उदरनिर्वाह कशावर चालत असे?

मुख्यतः शिशावर. डर्बीशरच्या चुनखडीत शिशाच्या धातुकाच्या, म्हणजे ज्यातून शिसे काढतात त्या खनिजाच्या, शिरा आहेत आणि रोमन काळापासून त्या खणल्या जात होत्या. अठराव्या शतकात ईम एजखालच्या शिरांनी भरघोस उत्पन्न दिले. गावाच्या रेक्टरला, म्हणजे प्रमुख धर्मगुरूला, शिशावर दशमांशाचा हक्क असल्याने त्या काळी ईमचे धर्मगुरुपद चांगलेच सधन मानले जाई. टॉमस सीवर्ड हे या पदावर असताना १७४२ साली त्यांची मुलगी ॲना हिचा जन्म ईममध्ये झाला, आणि पुढे ती ‘लिचफील्डची हंसिनी’ या उपाधीने कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाली.

या खाणकामगारांचा कायदा समजून घेतला तर गावाचा स्वभावही समजतो. डर्बीशरच्या शिसे-प्रदेशात मोठ्या भागावर अशी रूढी होती की, कोणाही माणसाने दुसऱ्याच्या जमिनीत शिसे शोधावे. स्मशानभूमी, बाग, फळबाग आणि हमरस्ता एवढे मात्र सोडावे. शीर सापडली की ती त्याची, पण ती त्याने सतत राबवली पाहिजे. काम बंद पडले, तर ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्याला तिच्यावर हक्क सांगता येई. या सर्व तंट्यांचा निवाडा ‘बारमोट’ नावाच्या न्यायसभेत होई, आणि तिच्या पंचांत खाणीची माहिती असलेली स्थानिक माणसेच असत. धातुक ‘डिश’ नावाच्या मापाने मोजले जाई. वर्क्सवर्थ येथे १५१३ सालचे असे कांस्याचे प्रमाणमाप आजही आहे आणि तिथे बारमोट सभा आजही वर्षातून एकदा भरते. जमीनदाराच्या मर्जीवर न अवलंबता, आपसांतल्या नियमाने बांधलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे घडली. प्लेगच्या वेळी गावाने जे केले त्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी बहुधा सांगितली जात नाही. मला ती फार महत्त्वाची वाटते.

शिसे ओसरल्यावर इतर धंदे आले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावात रेशीम विणले जाई. त्यानंतर बूट आणि चपला बनवण्याचे कारखाने विसाव्या शतकापर्यंत चालले. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावातही हाच धंदा होता. पूर्वी खाणकामगार ज्या फ्लोरस्पार खनिजाला टाकाऊ समजून बाजूला फेकत, त्याला विसाव्या शतकात पोलाद आणि रसायन उद्योगांत मागणी आली आणि गावातील ‘ग्लीब’ खाण पुन्हा गजबजली. आज लोक मुख्यतः शेफील्ड, चेस्टरफील्ड अशा शहरांत नोकरीला जातात, घरून काम करतात किंवा पर्यटन आणि शेतीवर जगतात.

प्लेगच्या काळात ईममध्ये काय घडले?

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मोठा प्लेग चालू होता. ऑगस्टच्या अखेरीस लंडनहून ईममधील शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड यांच्या घरी कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते, म्हणून हॅडफील्ड यांच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्स यांनी ते विस्तवासमोर वाळत टाकले. कापडात पिसवा होत्या असे मानले जाते. ७ सप्टेंबर १६६५ रोजी व्हिकर्स यांचे दफन झाले, आणि पाठोपाठ त्या घरातील व शेजारची माणसे दगावू लागली. हिवाळ्यात साथ मंदावली. वसंतात ती संपली असे वाटत असतानाच जून १६६६ मध्ये पुन्हा भडकली.

त्या वेळी गावाचे धर्मगुरू होते विल्यम मॉम्पेसन. वय तिशीच्या आत, गावात येऊन जेमतेम दोन वर्षे झालेली. गावकऱ्यांचा जीव मात्र होता त्यांच्या आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली यांच्यावर. १६६२ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत प्रार्थनापद्धती मान्य करण्यास नकार दिल्याने त्यांना पद सोडावे लागले होते, पण त्यांनी गाव सोडले नव्हते. राजकीय आणि धार्मिक दृष्ट्या परस्परविरोधी बाजूंना असलेले हे दोघे एकत्र आले आणि त्यांनी गावापुढे तीन गोष्टी मांडल्या. चर्चच्या आवारात दफने होणार नाहीत, प्रत्येक घराने आपला मृत आपल्याच शेतात किंवा बागेत पुरावा. प्रार्थना चर्चच्या बंद इमारतीत न होता ‘ककलेट डेल्फ’ नावाच्या घळीत, उघड्यावर, कुटुंबाकुटुंबांत अंतर राखून व्हावी. आणि साथ संपेपर्यंत गावाची शीव कोणी ओलांडू नये.

शीव बंद केली म्हणजे अन्न बाहेरून यायला हवे. चॅट्सवर्थच्या वाड्यात राहणाऱ्या डेव्हनशरच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, अन्नसामग्री पुरवली. शेजारच्या गावांतील लोक ठरलेल्या जागी माल ठेवून जात आणि ईमचे लोक तिथे नाणी ठेवत. नाणी धुतली जावीत म्हणून ती वाहत्या पाण्यात किंवा व्हिनेगर भरलेल्या खळग्यांत ठेवत असे सांगतात. ‘मॉम्पेसनची विहीर’ म्हणून ओळखला जाणारा झरा आणि स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा भोके पाडलेला शिवेचा दगड आजही पाहता येतो.

ऑगस्ट १६६६ हा सर्वांत भीषण महिना ठरला. त्या एका महिन्यात पाऊणशेहून अधिक माणसे गेली. गावाच्या पूर्वेला रायली नावाच्या शेतात हॅनकॉक कुटुंब राहत होते. त्या घरातील एलिझाबेथ यांनी आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले यांना स्वतःच्या हातांनी पुरले. त्यांना मदत करायला कोणी येणे शक्य नव्हते, कारण तसा नियमच सर्वांनी मान्य केला होता. त्या थडग्यांभोवती आज एक गोल दगडी कुंपण आहे. त्याच महिन्यात, २५ ऑगस्टला, मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन वारल्या. त्यांची कबर चर्चच्या आवारात आहे. नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबली. चौदा महिन्यांत ७६ कुटुंबांतील सुमारे २६० माणसे मृत्युमुखी पडली होती.

ही सगळी कथा जशी सांगितली जाते तशीच खरी आहे का?

मृत्यूंची नोंद खरी आहे आणि मॉम्पेसन यांची त्या काळातील पत्रे उपलब्ध आहेत. परंतु कथेचा सुबक आकार नंतरच्या पिढ्यांनी घडवला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील कवींनी व स्थानिक इतिहासकारांनी त्यागाची बाजू ठळक केली. रोलंड आणि एमट या प्रेमिकांची, शिवेच्या दोन बाजूंनी एकमेकांना लांबून पाहण्याची गोष्ट परंपरेने आलेली आहे. ती दस्तऐवजात सापडत नाही. ज्यांना परवडत होते असे काही लोक साथीच्या सुरुवातीलाच गावाबाहेर गेले होते आणि खुद्द मॉम्पेसन यांनीही आपल्या मुलांना आधीच दूर पाठवले होते. गावातील किती टक्के लोक मेले याबद्दलही मतभेद आहेत. जुन्या कथनात त्या वेळची लोकसंख्या ३५० धरली जाई, परंतु नंतरच्या अभ्यासांनी ती बरीच अधिक असावी असे दाखवले. शीव बंद ठेवून खरोखर फायदा झाला का, यावरही वाद आहे: आसपासच्या गावांत साथ पसरली नाही एवढे खरे, पण उंदीर-पिसवा असलेल्या घरांतच माणसे अडकून राहिल्याने ईमची हानी वाढली असण्याची शक्यता अभ्यासक मांडतात.

माझ्या मते या छाननीने गावकऱ्यांचे मोल कमी होत नाही. ज्यांना सोयीने दुसरीकडे जाऊन राहणे परवडत नव्हते अशा गरीब माणसांपुढेही पळून जाण्याचा पर्याय होता, आणि बहुसंख्यांनी तो घेतला नाही.

मुंबई-पुण्याच्या प्लेगशी ईमचा काही संबंध आहे का?

थेट संबंध नाही, पण ज्ञानाच्या वाटेने एक महत्त्वाचा दुवा आहे. कापडातल्या पिसवांनी प्लेग आणला असे आज आपण सहज म्हणतो. १६६६ मध्ये ईममधील कोणालाही ते ठाऊक नव्हते. दूषित हवा आणि ईश्वरी कोप हीच तेव्हाची स्पष्टीकरणे होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईतच लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत केलेल्या प्रयोगातून पिसवांची भूमिका दाखवून दिली आणि पुढच्या दशकात मुंबईतील प्लेग आयोगाने ती पक्की केली. ईमच्या संग्रहालयात आज जे स्पष्टीकरण वाचायला मिळते, त्याचा मोठा भाग या आपल्या किनाऱ्यावरील कामाचे फलित आहे.

मराठी वाचकाला आणखी एक फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. १८९७ मध्ये पुण्यात घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण लष्कराच्या हातून झाले. त्या जाचातून जो संताप उसळला त्याची परिणती रँडच्या हत्येत झाली. ईममध्ये बंधन घातले ते गावातल्या, रोज समोर दिसणाऱ्या माणसांनी, आणि ते स्वतःही त्या बंधनात राहिले. रोगाविरुद्धचा नियम एकच असला तरी तो कोण सांगतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सावित्रीबाई फुले यांनी त्याच वर्षी रुग्णांची सेवा करताना प्राण गमावले, त्यांची आठवण कॅथरीन मॉम्पेसन यांच्या कबरीपाशी होऊ शकते.

‘प्लेग रविवार’ म्हणजे काय?

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी आणि पाहुणे चर्चपासून मिरवणुकीने ककलेट डेल्फकडे जातात आणि तिथे उघड्यावर प्रार्थना होते. जागा तीच, जिथे १६६६ मध्ये लोक अंतर राखून उभे राहत. हा स्मरणविधी असल्याने त्याला जत्रेचे रूप येऊ नये याची काळजी घेतली जाते. श्रद्धा असो वा नसो, कोणीही शांतपणे सहभागी होऊ शकते.

झरे सजवण्याची प्रथा काय आहे?

डर्बीशरमधील ही सर्वांत सुंदर प्रथा आहे असे मी निःसंकोचपणे म्हणेन. तिला ‘वेल ड्रेसिंग’ म्हणतात. पाणी देणाऱ्या झऱ्यांचे आणि विहिरींचे आभार मानण्यासाठी त्यांच्यापाशी फुलांच्या पाकळ्यांनी केलेली मोठी चित्रे उभी करतात. प्रथेचा उगम कोणी १३४९ च्या ‘काळ्या मृत्यू’शी, म्हणजे त्या काळच्या प्लेगच्या मोठ्या साथीशी जोडतात, तर कोणी १६१५ च्या दुष्काळाशी. टिसिंग्टन या गावाची सजावट विशेष जुनी आणि प्रसिद्ध आहे. ईममध्ये झरे ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे प्लेग रविवारच्या सुमारास सजतात.

या कामाची पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे. लाकडी पाट आधी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे ते चिखलातले पाणी शोषून घेत नाहीत. मग माती पाणी आणि मीठ घालून तुडवतात. मिठामुळे ओल टिकते. ही माती पाटावर जाड थापून गुळगुळीत केली की, कागदावर काढलेले पूर्ण आकाराचे चित्र तिच्यावर ठेवून सुईने रेषा टोचतात. कागद काढल्यावर त्या टोचलेल्या रेषांवर ऑल्डर झाडाची बोंडे, बिया किंवा कॉफीचे दाणे दाबून बसवतात. त्यानंतर सर्वांत वेळखाऊ काम: पाकळ्या. त्या खालून वर, एकीवर दुसरीची कड येईल अशा लावतात. छपरावरच्या कौलांप्रमाणे पावसाचे पाणी त्यांवरून ओघळून जावे, हा हेतू. पाकळ्या, पाने, शेवाळ, लोकर, साली असे नैसर्गिक पदार्थच वापरायचे, असा संकेत आहे.

पाकळ्या लवकर कोमेजतात, म्हणून हे सारे काम दोन-तीन दिवसांत, रात्री उशिरापर्यंत बसून उरकावे लागते. शाळकरी मुले, निवृत्त माणसे आणि गावात नुकतेच राहायला आलेले लोक एकाच पाटावर वाकून काम करतात. चित्र जेमतेम आठवडाभर टिकते आणि मग माती झाडून पाट पुढच्या वर्षासाठी ठेवून देतात.

याच आठवड्यात कार्निव्हल असतो. सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते, गावातील एका मुलीला कार्निव्हलची राणी म्हणून मान मिळतो, आणि अख्खी मेंढी भाजण्याचा जुना कार्यक्रम होतो. त्याच आठवड्यातील शोक आणि उत्सव यांची ही सरमिसळ बाहेरच्यांना खटकते. गावाला मात्र त्यात विसंगती दिसत नाही.

गावाचा कारभार कोण पाहतो?

तळाशी पॅरिश कौन्सिल असते. तिला आपण ग्रामपरिषद म्हणू. आपल्या ग्रामपंचायतीइतके व्यापक अधिकार तिला नाहीत. निवडून आलेले सदस्य विनामोबदला काम करतात आणि घरपट्टीसारख्या करातील छोट्या हिश्श्यावर बाके, मैदाने, दफनभूमी, सूचनाफलक अशा गोष्टी सांभाळतात. त्याच्या वर डर्बीशर डेल्स जिल्हा परिषद आणि डर्बीशर परगणा परिषद आहे. बांधकामाची परवानगी मात्र राष्ट्रीय उद्यान प्राधिकरण देते. खिडकीची चौकट बदलायची तरी कधी कधी नियम पाहावे लागतात, आणि त्यावरून गावात धुसफूसही होते.

लोक एकमेकांना भेटतात कोठे?

सेंट लॉरेन्स चर्च हे एक ठिकाण. तिथे रविवारची प्रार्थना होतेच, शिवाय लग्ने, दफने आणि गावाची नोंदपुस्तके यांमुळे चर्चशी नाते नसलेलीही माणसे त्याच्याशी जोडलेली राहतात. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचे गुंतागुंतीचे सूर्यघड्याळ आहे, आणि आत प्लेगची कथा सांगणारी १९८५ मधील रंगीत काचेची खिडकी.

‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ हे दुसरे ठिकाण. एकोणिसाव्या शतकात कष्टकऱ्यांना वाचन आणि शिक्षण मिळावे म्हणून इंग्लंडभर अशा संस्था निघाल्या. ईममधील इमारत आता गावाचे सभागृह म्हणून वापरली जाते. तिसरे अर्थातच पब. ‘मायनर्स आर्म्स’ या नावातच खाणकामगारांची आठवण आहे. इंग्रजी खेड्यातील पब ही दारू पिण्याच्या जागेपेक्षा चावडीच्या अधिक जवळची जागा आहे, आणि दारू न पिणारे लोकही तिथे जेवायला किंवा गप्पांना बसतात. शेफील्डच्या पश्चिमेकडील डोंगरखेड्यांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत पबमध्ये स्थानिक चालींची नाताळगीते सामूहिकपणे गाण्याची परंपरा आहे. हिवाळ्यात त्या भागात असाल तर ती अवश्य ऐकावी.

गावात प्राथमिक शाळाही आहे. डोंगरी गावात शाळा टिकणे म्हणजे तरुण कुटुंबे टिकणे, त्यामुळे तिच्या पटसंख्येकडे सर्वांचे लक्ष असते.

संग्रहालय कोण चालवते?

ईम संग्रहालय १९९४ मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका जुन्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या इमारतीत सुरू झाले. त्याचा गाभा म्हणजे क्लॅरेन्स डॅनिएल या स्थानिक अभ्यासकाने आयुष्यभर घरी जमवलेला संग्रह. त्यांच्या हयातीत लोक तो पाहायला त्यांच्या घरीच येत. आज ही धर्मादाय संस्था मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा उंदीर आहे. आत प्लेगइतकीच जागा खाणी, रेशीम आणि बूटकाम यांना मिळावी, असा प्रयत्न दिसतो.

तरुणांना गावात राहणे परवडते का?

फारच कठीण आहे, आणि आजच्या ईमपुढील सर्वांत गंभीर प्रश्न कोणता असेल तर तो हाच. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे नवी घरे मोजकीच बांधता येतात, सौंदर्यामुळे मागणी मोठी राहते, आणि काही घरे सुट्टीसाठी भाड्याने दिली जातात. परिणामी गावात जन्मलेल्या, तिथेच काम करणाऱ्या तरुणांना घर विकत घेणे आवाक्याबाहेर जाते. गावाशी दीर्घकाळचा संबंध असलेल्यांसाठी परवडणारी घरे राखून ठेवण्याचे धोरण प्राधिकरणाकडे आहे, परंतु गरजेच्या मानाने अशी घरे थोडी आहेत. पाकळ्या लावायला, संग्रहालयात बसायला, परिषदेवर काम करायला माणसे लागतात; ती वयस्करच उरली तर प्रथा किती काळ चालतील, ही चिंता गावातले लोक उघडपणे बोलून दाखवतात.

बाहेरून आलेल्या कुटुंबाला गाव सामावून घेते का?

डर्बीशरची माणसे पहिल्या भेटीत मोकळी होत नाहीत, पण हवामानावर बोलणे सुरू झाले की दार किलकिले होते. कामाला हात लावणाऱ्याला लवकर जागा मिळते. झऱ्यांच्या सजावटीला मदत करायला अनुभव लागत नाही, संग्रहालयाला स्वयंसेवक हवेच असतात, आणि परिषदेच्या सभा सर्वांसाठी खुल्या असतात. शेफील्ड, मँचेस्टर येथे राहणारी मराठी कुटुंबे या डोंगरांत वरचेवर फिरायला येतात, त्यांनी एखाद्या वर्षी ऑगस्टमध्ये पाकळ्या लावायला जरूर बसावे.

माळरानावर आणि शेतांतून कोणालाही चालता येते का?

नोंदलेल्या पायवाटांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे, त्या खासगी शेतांतून जात असल्या तरीही. मोकळ्या माळरानावर हिंडण्याचा व्यापक हक्क २००० सालच्या कायद्याने मिळाला. त्यामागे मोठा लढा आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी याच डोंगराळ प्रदेशातील किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार तरुणांनी जमीनदारांची बंदी मोडून सामूहिक पदयात्रा केली आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्टचीच निवड झाली.

शेतातून जाताना फाटक जसे असेल तसेच ठेवावे, गडग्यांवर चढू नये. हे गडगे चुन्या-सिमेंटशिवाय रचलेले असतात आणि एक दगड निखळला की पाठोपाठ बरेच ढासळतात. मोकळ्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोरीने बांधलेला असणे बंधनकारक आहे, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि कोकरे लहान असतात.

प्लेगच्या घरांना भेट देताना काय पाळावे?

चर्चशेजारच्या ‘प्लेग कॉटेज’ घरांवर तिथे कोण कधी वारले हे सांगणारे फलक आहेत. ती घरे पाहायची ती रस्त्यावरूनच, कारण आत आजही कुटुंबे राहतात. खिडकीतून डोकावणे, अंगणात जाऊन छायाचित्रे काढणे, दार ठोठावून आतून पाहण्याची विनंती करणे हे टाळावे. २०२० मध्ये नव्या साथीमुळे जगभरचे वार्ताहर ईमविषयी लिहू लागले आणि गावाकडे पुन्हा लक्ष वळले. तेव्हापासून या विनंतीची गरज वाढली आहे.

ईमला कसे आणि केव्हा जावे?

मँचेस्टर–शेफील्ड या होप दरीतून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील ग्राइंडलफर्ड हे जवळचे स्थानक आहे. तिथून गाव काही किलोमीटरवर असून चांगली चढण आहे. शेफील्ड आणि बेकवेलकडून बस आहेत, पण संध्याकाळी आणि रविवारी त्या विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. झऱ्यांची सजावट पाहायची असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा, माळावरचे हेदर फुललेले पाहायचे असेल तरी ऑगस्टच योग्य. गाव त्याच्या नेहमीच्या चालीत पाहायचे असेल तर मे महिन्यातील एखादा साधा मंगळवार-बुधवार निवडावा. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते, तेव्हा त्याच्या तारखा आधी तपासाव्यात, आणि गावात वाहने उभी करण्याची जागा थोडी असल्यामुळे शक्यतो वाहनतळाचाच वापर करावा.